वाट दाखवायला फोन पुरे, की वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे?

या वेळी वाचकांची बरीच पत्रे मार्गदर्शनासाठी फोन वापरावा की त्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे, या एकाच विषयावर आली आहेत. प्रत्येकाची गरज निराळी असल्यामुळे सर्वांना एकच उत्तर देता येणार नाही. म्हणून निवडक पत्रांना स्वतंत्रपणे उत्तर देत आहे.

प्रश्न : मी नुकताच निवृत्त झालो आहे. पत्नीसह मोटारीने महाराष्ट्रभर फिरण्याचा आणि पाय साथ देतील तोवर सह्याद्रीतले किल्ले पाहण्याचा बेत आहे. मुलगा म्हणतो की फोन असताना आणखी कशाची गरज नाही. मित्र म्हणतो की डोंगरात नेटवर्क नसल्यामुळे तिथे फोन निरुपयोगी ठरतो, म्हणून हातात धरायचे जीपीएस यंत्र घ्यावे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मित्राची सूचना काही बाबतींत योग्य आहे, परंतु तिच्यासाठी दिलेले कारण बरोबर नाही. फोन आपले स्थान मोबाइलच्या मनोऱ्यांवरून नव्हे, तर मुख्यतः उपग्रहांवरून शोधतो, आणि हातातले स्वतंत्र यंत्रही नेमके तेच करते. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि प्रत्येक उपग्रह आपले स्थान व अचूक वेळ सतत प्रक्षेपित करत असतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आपण कोठे आहोत याचे गणित मांडता येते. हे काम केवळ ऐकण्याचे आहे. त्यासाठी फोनला काही पाठवावे लागत नाही, डेटा लागत नाही आणि सिमकार्डही लागत नाही. आजचे बहुतेक फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबरच रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू या प्रणालींचे उपग्रहही वापरतात. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत आपले स्थान सांगतो आणि बाजारातले साधे हातयंत्र याहून फार सरस नसते.

मग नेटवर्क गेल्यावर फोन गोंधळतो असा अनुभव अनेकांना का येतो? त्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण असे की, कोणता उपग्रह कोठे आहे याचे ताजे तपशील फोन एरवी इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो. नेटवर्क नसेल तर तेच तपशील त्याला थेट उपग्रहाकडून ऐकून घ्यावे लागतात, आणि उपग्रह ते सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. एका उपग्रहाचे स्वतःचे तपशील पूर्ण यायला सुमारे अर्धा मिनिट लागतो. सर्व उपग्रहांची ढोबळ यादी मिळवायची तर साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून बराच काळ बंद असलेला फोन दूरच्या खेड्यात सुरू केला, तर स्थान सापडायला वेळ लागतो. अशा वेळी तो उघड्यावर धरून थोडा वेळ शांत उभे राहावे. चिडून फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्यास तो दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि नेमके हेच बहुतेक जण करतात.

दुसरे कारण नकाशाचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. स्थान उपग्रहांवरून कळते, पण ते ज्या नकाशावर दाखवायचे तो नकाशा इंटरनेटवरून येतो. तो आधी उतरवून ठेवला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिसतो. यावरचा उपाय फुकट आहे. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा. गुगल मॅप्समध्ये ही सोय आहे, मात्र नेटवर्क नसताना ते गाडीचा मार्ग दाखवते, पायी चालण्याचा नाही. म्हणून डोंगरासाठी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी ऑसमँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांत पायवाटा असतात आणि समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषाही दिसू शकतात.

मोटारीपुरते बोलायचे तर मुलाचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने अँड्रॉइड फोनवर वळणावळणाला मार्ग सांगणारी सेवा विनामूल्य जाहीर केली, तेव्हाच गाडीच्या काचेला चिकटवायच्या यंत्रांचे दिवस भरत आले होते; त्या घोषणेच्या दिवशी अशी यंत्रे बनवणाऱ्या गार्मिन आणि टॉमटॉम या दोन्ही कंपन्यांचे समभाग कोसळले. रस्त्यावरची या क्षणाची वाहतूक, बंद पडलेला घाट, नव्याने सुरू झालेला बोगदा या गोष्टी फोनला कळतात, कारण त्याच रस्त्यावरचे इतर फोन त्या कळवत असतात. स्वतंत्र यंत्र मात्र अखेरच्या वेळी नकाशा भरला त्या दिवसाचेच जग दाखवते. महाराष्ट्रात रस्ते ज्या वेगाने बदलत आहेत, ते पाहता गाडीसाठी असे यंत्र आज घेणे मला पटत नाही.

मात्र फोनवर विसंबताना एक घटना ध्यानात असू द्यावी. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. फोनवरील नकाशाने तो मार्ग दाखवल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. तिथे उपग्रहांची चूक नव्हती, गाडीचे स्थानही बिनचूक असणार. ज्या पुलावरून पाणी वाहत आहे तो पूल बंद आहे, एवढी एकच गोष्ट नकाशाला ठाऊक नव्हती. महागडे स्वतंत्र यंत्र असते तरी तेही त्याच पुलाकडे घेऊन गेले असते. रात्री किंवा पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडून जवळची वाट घ्यायला फोन सांगू लागला, तर पहिल्या टपरीवर थांबून विचारावे. आपल्याकडे हा सल्ला अजून फुकट मिळतो.

उन्हाचाही विचार करावा लागेल. काचेला लावलेला फोन थेट उन्हात असतो, त्याच वेळी तो चार्ज होत असतो आणि पडदाही पूर्ण उजेडात चालू असतो. ॲपल कंपनी आपल्या फोनसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या भोवतालच्या तापमानाची शिफारस करते. विदर्भात मे महिन्यात सावलीतच त्याहून दहा अंश अधिक असतात. फोन तापला की आधी पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. तो काचेऐवजी एसीच्या झडपेसमोर बसणाऱ्या धारकात ठेवल्यास हा त्रास जवळजवळ राहत नाही. कायद्याच्या बाजूने पाहता, १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार वाहन चालवताना हातातले संपर्कसाधन केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येते. पत्नी शेजारी बसणार असल्याने पडद्याकडे पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपवणे सर्वांत उत्तम.

आता किल्ल्यांकडे वळू. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे असेल, वाट मळलेली असेल आणि सोबत माहीतगार माणूस असेल, तर फोन पुरेसा आहे. त्यात आधी कोणी तरी चाललेल्या वाटेची जीपीएक्स फाइल (वाटेवरच्या स्थानांची नोंद) भरून न्यावी आणि स्वतःची वाटही नोंदवत जावी. सह्याद्रीत वाट चुकते ती बहुधा ढोरवाटांमुळे. पठारावर गुरांच्या चालण्याने इतक्या वाटा पडलेल्या असतात की त्यांतली गडाची कोणती हे धुक्यात ओळखता येत नाही. तेव्हा आपण नोंदवलेल्या रेषेवरून उलट पावली परतणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. कडा आणि दरी यांच्याबाबत मात्र फोन आणि यंत्र दोन्ही सारखेच उणे पडतात. हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत दोन्ही बाजूंच्या भिंती आकाश झाकतात. उपग्रह कमी दिसतात आणि जे दिसतात त्यांचे संदेशही कातळावर आदळून उशिरा पोहोचतात. एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे ३०० मीटरची चूक, हे लक्षात घेतले तर ठिपका दरीच्या पलीकडे का उडी मारतो ते समजेल. शिवाय पडद्यावर उंची सपाट होते. कोकणकड्यावर उभे राहून पाहिले तर पायथ्याचे बेलपाडा नकाशावर अगदी जवळ दिसते, पण मध्ये शेकडो मीटरचा कातळ उभा आहे हे ठिपका सांगत नाही. कड्याच्या टोकाशी पाच मीटरची चूक ही नुसती चूक राहत नाही, ती जिवावर बेतू शकते, म्हणून धुके असेल तर तिथे पडद्याकडे न पाहता पायाकडे पाहावे.

दोन-तीन दिवसांची घाटवाटांची भटकंती असेल, त्यातही पावसाळ्यात, तर मित्राचे ऐकण्यासारखे आहे. फक्त त्याचे कारण नेटवर्क नसून बॅटरी आहे. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतली अनेक यंत्रे दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास चालतात आणि सेल संपले तर पिशवीतले दुसरे टाकता येतात. (खेड्यातल्या दुकानात मिळणारे साधे सेल मात्र यातले निम्मे तासही देतील याची खात्री नाही, हा आकडा चांगल्या प्रतीच्या सेलचा असतो.) बटणे ओल्या हाताने दाबता येतात, तर फोनचा पडदा पावसाच्या थेंबांनाच बोट समजतो. पण यंत्र नेण्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा लाभ असा की, त्यामुळे फोन बंद करून कोरड्या पिशवीत ठेवता येतो. अपघात झाला, तर ११२ या क्रमांकाला किंवा बचाव पथकाला कळवण्यासाठी तोच लागणार असतो, आणि दिवसभर वाट दाखवून दमलेला फोन नेमक्या त्या वेळी मान टाकतो.

यंत्र घेण्यापूर्वी एकदा असे करून पाहावे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून केवळ स्थाननोंद चालू ठेवावी, पडदा बंद ठेवावा आणि सोबत एक पॉवर बँक घ्यावी. डोंगरात बॅटरी सर्वाधिक खातात त्या दोन गोष्टी म्हणजे उजळ पडदा आणि हरवलेल्या नेटवर्कचा अखंड शोध. त्या दोन्ही बंद केल्या की बहुतेक फोन दिवसभर सहज पुरतात. आपला बेत पाहता, पहिले वर्ष याच व्यवस्थेवर काढावे असे मी सुचवेन. पुढे मुक्कामी भटकंती वाढली तर यंत्राचा विचार करता येईल.

सोबत कागदी नकाशाही ठेवावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. एवढीच दक्षता घ्यावी की घरात जुने नकाशे असतील, तर ते एव्हरेस्ट या जुन्या आधारपद्धतीवर (म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर) काढलेले असतात, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही पद्धत वापरते. दोन्हींतले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे जुळवले, तर आपल्या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो.

प्रश्न : मी मोटरसायकलवरून लांबचे प्रवास करतो. हँडलला फोन लावल्याने त्याचा कॅमेरा बिघडतो, हे खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरे आहे. ॲपलनेच २०२१ मध्ये सूचना प्रसिद्ध करून सांगितले होते की, मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची तीव्र कंपने हँडलमार्गे फोनपर्यंत पोहोचली, तर कॅमेऱ्यातील चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा कालांतराने बिघडू शकते. अशीच यंत्रणा असलेल्या इतर कंपन्यांच्या फोनलाही तोच धोका आहे. कंपने शोषणारा धारक वापरावा, किंवा घरात पडलेला जुना फोन ऑफलाइन नकाशे भरून केवळ याच कामाला जुंपावा. फोन खिशात आणि सूचना हेल्मेटमधल्या स्पीकरवर, हा तिसरा मार्गही अनेक जण वापरतात, पण त्यात मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येणार नाही इतका आवाज ठेवू नये.

प्रश्न : आमची हर्णै बंदरात एक यांत्रिक नौका आहे. तांडेल, म्हणजे नौका चालवणारे प्रमुख, जुन्या जीपीएस यंत्रावर मासेमारीच्या जागा नोंदवून ठेवतात. यंत्राचा पडदा आता अंधूक झाला आहे. माझे म्हणणे की नवे यंत्र घेण्याऐवजी चांगला फोनच घ्यावा, म्हणजे दोन्ही कामे होतील. तांडेल ऐकत नाहीत. शिवाय त्यांनी सांगितलेल्या जागा मी फोनमध्ये भरल्या, तर त्या भलतीकडेच दिसतात. असे का होते?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : या वादात मी तांडेलांच्या बाजूने आहे आणि तेही निःसंकोचपणे. समुद्रावर स्वतंत्र यंत्राला फोन हा पर्याय नाही. किनारा मागे पडला की नेटवर्क जाते, हे कारण तुलनेने किरकोळ आहे. मुख्य कारण असे की, फोनमधले नेहमीचे नकाशे जमिनीसाठी तयार केलेले असतात आणि समुद्र त्यांना नुसता निळा रंग वाटतो. तिथे पाणी किती वाव खोल आहे, खडक कोठे आहे, बुडालेले जहाज कोठे पडले आहे, यांतले काहीही त्या निळ्या रंगात नसते. सागरी यंत्रात खोलीचे आणि खडकांचे तक्ते भरता येतात, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर त्याच पडद्यावर जोडता येतो, नौका नांगरावरून सरकू लागली तर इशारा मिळतो आणि माणूस पाण्यात पडला तर ती जागा एका बटणाने नोंदवता येते. ते इंजिनाच्या बॅटरीवर चालते, भर उन्हात वाचता येते आणि खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सहन करते. जाळे ओढलेल्या ओल्या हातांनी फोनचा पडदा चालवून पाहिला, तर तांडेल का ऐकत नाहीत हे आपल्या लगेच लक्षात येईल.

आता जागा भलतीकडे दिसण्याचे कारण पाहू. ते बहुधा आकड्यांच्या मांडणीत आहे आणि ही गफलत फार ठिकाणी होते. सागरी यंत्रे अक्षांश सहसा अंश आणि मिनिटांत दाखवतात, तर फोन दशांश अंशांत. समजा, तांडेलांच्या यंत्रावर १७ अंश ४८.५ मिनिटे असे आहे. हे आकडे सलग वाचून आपण फोनमध्ये १७.४८५ असे भरले, तर ते चुकले. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून ४८.५ ला ६० ने भागावे लागते, उत्तर ०.८०८३ येते आणि खरा अक्षांश १७.८०८३ होतो. या दोन आकड्यांमधला फरक जमिनीवर मोजला तर सुमारे ३६ किलोमीटर भरतो, म्हणजे हर्णैची जागा पार दक्षिणेला जाऊन पडते. मिनिटांची पद्धत जुनाट वाटली तरी समुद्रावर तिची सोय मोठी आहे, कारण अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. दोन अक्षांशांची वजाबाकी केली की उत्तर-दक्षिण अंतर तोंडी सांगता येते. बहुतेक फोन ॲपमध्ये मांडणी बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असते; तिथे अंश-मिनिटे निवडून तांडेलांचे आकडे जसेच्या तसे भरावेत.

नवे यंत्र आणल्यावर जुने लगेच विकू नये. त्यातल्या जागा म्हणजे तांडेलांची आयुष्यभराची कमाई आहे. त्या आधी वहीत उतरवून घ्याव्यात, यंत्रात सोय असेल तर मेमरी कार्डावर घ्याव्यात आणि नव्या यंत्रात भरून दोन-चार ओळखीच्या जागांवर जाऊन पडताळाव्यात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मासे मिळण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांच्या सूचना देते. त्यांतही अक्षांश-रेखांशच असतात, म्हणून आकड्यांची मांडणी एकदा पक्की समजून घेतली की तिचा तिथेही उपयोग होईल. फोन जरूर न्यावा, पण जलरोधक पिशवीत घालून, राखीव म्हणून. याखेरीज इस्रोच्या तंत्रावर आधारलेले ट्रान्सपॉन्डर केंद्र सरकारच्या योजनेतून मासेमारी नौकांवर बसवले जात आहेत. नेटवर्कच्या पलीकडूनही त्यातून संदेश पाठवता येतो, तेव्हा आपल्या नौकेला ते मिळाले नसेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत असतो. पुढच्या महिन्यात येताना तो माझ्यासाठी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे गार्मिन इनरीच हे यंत्र भेट म्हणून आणणार आहे. मी हिमालयात पदभ्रमणाला जाते. ते वापरण्यासाठी काही नोंदणी करावी लागते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भावाला आजच कळवावे की ते यंत्र आणू नये. नुसते स्थान दाखवणारे यंत्र उपग्रहाचे केवळ ऐकते, मात्र इनरीच हे इरिडियम या उपग्रहसमूहामार्फत संदेश पाठवतेही, आणि भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे साधन बाळगणे किंवा वापरणे बेकायदा आहे. हा नियम केवळ कागदावरचा नाही. २०२४ च्या अखेरीस गोव्याच्या विमानतळावर अशी यंत्रे सामानात सापडलेल्या परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती.  मुंबई हल्ल्यानंतर उपग्रह फोनकडे पाहण्याची सुरक्षा यंत्रणांची दृष्टी किती कठोर झाली, हे वेगळे सांगायला नको. काही नव्या आयफोनवर उपग्रहामार्फत मदत मागण्याची जी सोय परदेशात आहे, तिच्यावरही भारतात विसंबू नये.

भारतात अधिकृतपणे उपलब्ध असलेला मार्ग म्हणजे इनमारसॅटच्या उपग्रहांवर चालणारी बीएसएनएलची उपग्रह फोन सेवा. एका हौशी पदयात्रीला तिचा खर्च आणि कागदपत्रांचा व्याप परवडेल असे वाटत नाही, पण आपण एखाद्या संस्थेबरोबर जात असाल तर संस्थेने तिची चौकशी करणे योग्य ठरेल. भावाला काही आणायचेच असेल, तर केवळ स्थान दाखवणारे, संदेश न पाठवणारे यंत्र आणता येईल. मात्र त्यात भारताचा नकाशा आहे का ते आधी पाहावे, कारण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रांत सहसा तिकडचेच नकाशे भरलेले असतात. ओपनस्ट्रीटमॅपचे भारताचे नकाशे त्यात नंतर विनामूल्य भरता येतात.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध सरकवला आहे अशी माझी खात्री आहे. फोनवरच्या मोजणीच्या ॲपमध्ये माझे क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा तीन गुंठे कमी भरते. फोनऐवजी चांगले जीपीएस यंत्र विकत घेऊन मोजणी केली तर ती पुरावा म्हणून चालेल का?
— एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : चालणार नाही, आणि त्यासाठी पैसेही खर्च करू नयेत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा. फोन किंवा साधे हातयंत्र प्रत्येक कोपऱ्यावर तीन ते पाच मीटर इकडेतिकडे चुकू शकते. शंभर मीटर लांबीच्या बांधावर सरासरी तीन मीटरची चूक झाली, तरी तेवढ्यानेच जवळजवळ तीन गुंठ्यांचा फरक पडतो. तेव्हा आपली तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही, पण ॲपने दाखवलेली तूट ही त्याच्या चुकीच्या मर्यादेतच बसते. कोपऱ्यावर झाड असेल तर ही चूक आणखी वाढते.

हद्दीचा वाद मिटवण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. हल्ली भूकरमापक जे रोव्हर यंत्र आणतात तेही उपग्रहांवरच चालते, परंतु त्याला पक्क्या जागी बसवलेल्या संदर्भ केंद्रांकडून त्या क्षणीच्या दुरुस्त्या मिळत असतात, त्यामुळे त्याची अचूकता मीटरांत नव्हे तर सेंटिमीटरांत असते. ॲपवरच्या मोजणीचा उपयोग ठिबकच्या नळ्या किती लागतील किंवा फवारणीला किती औषध न्यावे याचा अंदाज बांधण्यापुरता ठेवावा. तिथे ती उत्तम आहे. मोजणी होण्यापूर्वी शेजाऱ्याला पडद्यावरचे आकडे दाखवून वाद वाढवू नये.

प्रश्न : भारताची स्वतःची नाविक प्रणाली असलेला फोनच घ्यावा का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : केवळ तेवढ्यासाठी फोन बदलू नये. सात उपग्रहांची योजना असलेली नाविक ही जीपीएससारखीच स्थान सांगणारी, पण प्रादेशिक प्रणाली आहे आणि तिचे उपग्रह जीपीएसच्या जोडीला मिळाले तर लाभच होतो. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून तिने साध्या फोनना सोयीची एल-१ ही वारंवारताही स्वीकारली. नवा फोन घ्यायचाच असेल, तर त्याच्या माहितीपत्रकात एल-१ आणि एल-५ अशा दोन वारंवारता वापरण्याची सोय आहे का ते पाहावे. उंच इमारतींमध्ये आणि कड्यांजवळ परावर्तित संदेशांमुळे होणारी चूक त्याने कमी होते, आणि रोजच्या वापरात तोच फरक जास्त जाणवेल.

प्रश्न : एक परिचित त्यांचे दहा-बारा वर्षांपूर्वीचे गाडीचे जीपीएस यंत्र आणि तेवढेच जुने हातयंत्र स्वस्तात देत आहेत. घ्यावे का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : गाडीचे यंत्र फुकट दिले तरी घेऊ नये. त्यातल्या नकाशात समृद्धी महामार्ग नसेल आणि अमरावतीहून निघणाऱ्याला ही उणीव पहिल्याच दिवशी जाणवेल. नकाशा अद्ययावत करण्याची सेवा कंपनीने अद्याप चालू ठेवली असेल, तरी तिचे शुल्क यंत्राच्या किमतीहून अधिक होण्याची शक्यता आहे.

हातयंत्राचा विचार करता येईल, कारण डोंगर इतक्या लवकर बदलत नाहीत. ते घेण्यापूर्वी मोकळ्या मैदानात नेऊन सुरू करावे आणि पंधरा-वीस मिनिटे धीर धरावा; बराच काळ बंद असलेले यंत्र पहिल्या वेळी तेवढा वेळ घेऊ शकते. स्थान आले की तारीख पाहावी. जीपीएसचे संदेश आठवडे मोजतात आणि १०२४ आठवडे झाले की ती मोजणी पुन्हा शून्यावर येते. असे अलीकडे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले, आणि ज्या जुन्या यंत्रांची अंतर्गत प्रणाली त्यानंतर सुधारून घेतली गेली नाही, त्यांतली काही तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. तारीख बरोबर असेल तर सेलचा कप्पा उघडून पट्ट्यांवर हिरवट गंज चढला आहे का ते पाहावे, यूएसबीचे तोंड साबूत आहे का ते तपासावे आणि कडेचे रबर चिरलेले नाही ना याची खात्री करावी, कारण ते चिरले की यंत्र जलरोधक राहत नाही. हे सर्व ठीक निघाले, तर मेळघाटात भटकायला ते यंत्र आणखी काही वर्षे सहज चालेल. मागितलेली किंमत मात्र नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असेल तर नकार द्यावा.